दहा वर्षांचा अंदाज

११ जुलै, मंगळवार

उन्मेषचा फोन. सकाळी अकराला! कामाच्या दिवशी हा कधी फोन करत नाही. त्याची कंपनी मुंबईहून हैदराबादला चाललीय म्हणे. सोबत जायचं की नाही ते सप्टेंबरअखेर सांगायचं. नाही तर नोकरी सोडून इथे पावसला यायचं आणि बाग बघायची. बायको श्रद्धा आणि लेक आर्या, दोघींसकट.

'ताई, तू हवामानवाली. पुढची दहा वर्षं हापूसला कशी जातील एवढंच सांग. ये म्हणालीस तर येतो. नको म्हणालीस तर हैदराबाद.'

दहा वर्षं! म्हटलं, अरे बाबा, दहा दिवसांचं सांगताना माझी तारांबळ उडते. तो हसला. 'ते टीव्हीवाल्यांना सांग. मला खरं सांग.'

मागे लहान मुलांचा आरडाओरडा ऐकू येत होता. ऑफिसशेजारी शाळा असावी.

१२ जुलै

आईला सांगितलं. तिचं उत्तर दोन शब्दांत — 'येऊ दे.'

१७ जुलै

कालपासून धो धो. नेट नाही, वीज नाही. संस्थेला कळवायची सोय नाही. एक प्रकारे सुटीच.

आईचा खुबा मोडला तेव्हा महिनाभरासाठी म्हणून आले. वर्ष होत आलं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, आई एकटी, आणि बाग रामा गड्याच्या जिवावर. मी माडीवर बसून पुण्याचं काम करते. समुद्र किती तापलाय, त्याचा पुढल्या ऋतूच्या पावसावर काय परिणाम होईल — हे माझं काम. लोकांना वाटतं मी छत्री घ्यावी की नाही ते सांगते.

उन्मेषला उत्तर द्यायचं तर आधी स्वतःला नीट विचारलं पाहिजे. काय सांगता येतं आणि काय येत नाही?

हवा विसराळू आहे. आज तिने काय केलं ते दोन आठवड्यांनी तिच्या लक्षात नसतं. म्हणून अमुक तारखेला पाऊस पडेल का, हे महिनाभर आधी कुणी सांगितलं तर तो थापा मारतोय असं खुशाल समजावं. समुद्राचं तसं नाही. समुद्र आमच्या बिडाच्या तव्यासारखा. तापायला वेळ, निवायला त्याहून वेळ. आई घावणे संपल्यावर गॅस बंद करते आणि शेवटचा घावणा नुसत्या तव्याच्या धगीवर होतो. आमचं सगळं शास्त्र त्या शेवटच्या घावण्यावर चाललंय! प्रशांत महासागर तापला की ती धग काही महिने टिकते, वरच्या वाऱ्यांना ढकलत राहते, वारे उलट समुद्राला ढकलतात, आणि त्यात आपला मोसमी पाऊस सापडतो.

पण काही महिने. फार तर वर्ष. पुढे तवाही निवतो.

२४ जुलै

परत फोन. परत कामाच्या वेळी. 'झालं का तुझं गणित?' म्हटलं, भाजी शिजवत नाहीये मी. सप्टेंबरपर्यंत थांब.

'बाबा असते तर काय म्हणाले असते?'

बाबा म्हणाले असते, आधी घरी ये आणि मग बोलू. हे मी त्याला बोलले नाही. बाबांचा आधार घेऊन अंदाज वर्तवायचा नसतो.

३० जुलै

आमच्याकडे संगणकावरचं हवामानाचं मॉडेल तपासायची एक रीत आहे. त्याला मागच्या एखाद्या वर्षात नेऊन उभं करायचं, पुढे काय झालं ते लपवायचं आणि म्हणायचं — सांग आता. मग खऱ्याशी ताडून बघायचं. ज्याला झालेलं सांगता येत नाही त्याला होणारं काय विचारता?

पावसच्या बागेपुरतं तसं करून बघावं म्हटलं. मला मोहोर कोणत्या वर्षी आला नि कोणत्या वर्षी जळला ते हवं होतं. आईला विचारलं. ती वर्षं इसवी सनाने सांगत नाही!

'तुझी दहावी झाली त्या साली मोहोर म्हणजे पान दिसत नव्हतं. उन्मेषच्या मुंजीला अवकाळी. आर्याच्या बारशाला तुडतुड्याने खाल्लं सगळं. आणि तुझं लग्न मोडलं त्या वर्षी —'

'त्या वर्षी काय?'

'त्या वर्षी बरा होता गो आंबा. कुणाचं लक्ष नव्हतं एवढंच.'

तिला हसू आलं, मग मलाही. किती वर्षांनी त्यावर हसलो दोघी! त्या वर्षापुढे मी बरोबरची खूण केली.

९ ऑगस्ट

पाऊस गायब. अधिक श्रावण चालू आणि आकाश वैशाखासारखं. प्रशांत महासागर तापतोय, त्यामुळे हे असं होण्याची शक्यता वाढली होती हे आम्ही लिहिलं होतं. 'शक्यता वाढली.' रामाला हे वाक्य मराठीतच सांगितलं, तरी तो माझ्याकडे बघत राहिला.

'म्हंजे पडंल का न्हाय, ताई?'

म्हटलं, वर्गात कुठला पोरगा कधी ओरडेल ते सांगता येणार नाही, पण मास्तर बाहेर गेले की गलका होणार ते सांगता येतं.

'मास्तर भायेर गेलंत?'

'हो.'

'मंग तसा सांगा ना!'

जाताना म्हणाला, 'उन्मेषदादास येऊ दे. बागंस घरचा मानूस व्हया.' म्हणजे आईने गावभर सांगून ठेवलंय.

१७ ऑगस्ट

मागच्या वर्षांचं ताडून झालं. निकाल असा. सप्टेंबरात समुद्र कसा आहे हे कळलं तर त्या हिवाळ्याबद्दल थोडं सांगता येतं. थोडं — नाणं उडवण्यापेक्षा बरं. पुढच्या वर्षीचं विचारलं की नाणंच बरं. तिसऱ्या वर्षाला नाणंही हसेल.

दहा वर्षांचं एकच दिसतं. थंडीतल्या रात्री सावकाश उबदार होत चालल्यात, आणि हापूसला मोहोर धरायला थंडी लागते. अरबी समुद्रही तापतोय. पण एका वर्षात नि दुसऱ्या वर्षात जेवढा फरक पडतो, त्यापुढे हा दहा वर्षांचा कल किरकोळ. म्हणजे त्याला दहांपैकी चार वर्षं उत्तम मिळतील की सात वाईट, हे जगातल्या कुणालाही सांगता येणार नाही.

खरं उत्तर हेच — सांगता येत नाही. हे तीन शब्द मी परिषदांत ऐटीत म्हणते. घरच्या माणसाला म्हणताना जीभ जड होते.

२८ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

आईने कौल लावला. अधिकात नको म्हणून थांबली होती. रिक्षाने देवळात, मग काठी टेकत पायऱ्या. मी धरायला गेले तर हात झटकला.

गुरवाने देवाच्या पाषाणाला पाण्यात भिजवलेले फुलांचे कळे लावले, उजवीकडे नि डावीकडे. गाऱ्हाणं घातलं — 'बा देवा महाराजा, आनंदीबाईंचा झील मुंबयहून येऊन बाग सांभाळतो म्हणतोय, त्येच्या हातास यश असलं तर उजवा दे —' उजवा पडला तर होय, डावा पडला तर नको. आम्ही बसलो. आईची नजर उजव्या कळ्यावर खिळलेली. मी मात्र पाषाण किती ओला आहे, वारा कुठून येतोय ते बघत होते. सवय!

काही पडलं नाही. बराच वेळ. शेवटी गुरव म्हणाला, 'देव आज बोलत नाय. परत कधीतरी या.' आणि शांतपणे कळे काढून घेतले.

मला भारी वाटलं. देवाला 'सांगत नाही' म्हणायची मुभा आहे आणि त्यावर कुणी चिडत नाही. मी तेच म्हटलं की सगळे म्हणतात, मग एवढा पगार कशाला घेतेस?

घर आल्यावर आई म्हणाली, 'देवाने तुझ्यावर सोपवलंन.'

३० ऑगस्ट

साहेबांचा ईमेल. ऑक्टोबरअखेर पुण्यात हजर व्हावं. घरून काम यापुढे चालणार नाही.

७ सप्टेंबर

म्हणजे आता प्रश्न असा. उन्मेष इथे आला तर आईजवळ तो असेल आणि मी पुण्याला जाईन. नाही आला तर मी नोकरी सोडून इथे राहायचं, किंवा आईला पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवायचं. ती तिथे महिनाभरही टिकणार नाही.

त्याला 'ये' म्हणण्यात माझा उघड फायदा आहे. इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

१३ सप्टेंबर

आमचं मॉडेल अरबी समुद्र नेहमी खऱ्याहून थंड दाखवतं. का, ते पूर्ण कळलेलं नाही. पण किती थंड दाखवतं ते मोजलंय. म्हणून त्याने आकडा दिला की तेवढे अंश मिळवायचे आणि पुढे जायचं. मॉडेलवर रागवायचं नाही, त्याचा कल ओळखून दुरुस्ती करायची.

माझाही कल ओळखलाय मी आता.

२० सप्टेंबर

गणपती बसले. काल पहाटे उन्मेष, श्रद्धा, आर्या आले. घर भरलं. आर्याला सात संपून आठवं लागलंय, दात पडलेत, मोदक एका बाजूने चावते. आई काठी विसरून हिंडतेय.

'रोडावलाय गो हा,' आई मला स्वयंपाकघरात म्हणाली. म्हटलं, मुंबईत सगळेच रोडके. श्रद्धा ओट्यापाशी नारळ खवत होती. तिने मान वर केली, काही बोलेल वाटलं. मग पुन्हा खवायला लागली.

२४ सप्टेंबर

काल गौरी-गणपती गेले. शेजारचे चाकरमानी आज परतले. आमचा अजून इथेच. 'एवढी सुटी?' विचारलं. 'शिल्लक होती.'

श्रद्धा आर्याला घेऊन आज पुढे गेली, शाळा आहे. हा रोज सकाळी रामाबरोबर बागेत जातो, बांडगुळं काढतो, वाळक्या फांद्या तोडतो. हाताला फोड आलेत. आईने तेल लावून दिलंन. संध्याकाळी ओटीवर बसून आईशी काहीबाही बोलत असतो. इतका वेळ तो घरात कॉलेजला असल्यापासून राहिला नव्हता.

मला छान वाटतंय. सरळ लिहिते — तो असला की मला या घराचं ओझं वाटत नाही. आणि हेच तर मला वजा करायचंय!

२८ सप्टेंबर

हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापलाय, पूर्व भाग निवलाय. प्रशांत महासागर तर चांगलाच तापलाय. यंदाची थंडी उशिरा आणि बेताची असायची शक्यता जास्त. हे या एका हिवाळ्यापुरतं मी छातीठोक... नाही, छाती न ठोकता सांगू शकते. पुढच्या नऊ वर्षांचं तेच, सांगता येत नाही.

उद्या त्याला उत्तर द्यायचंय.

२९ सप्टेंबर

सांगितलं. बागेच्या वरच्या अंगाला, कातळावर बसून. तिथून समुद्र दिसतो.

मी सगळं रीतसर सांगितलं. समुद्र, वारे, रात्रीचं तापमान, मोहोर. तो नीट ऐकत होता. मधे एकदा म्हणाला, 'म्हणजे नक्की नाही ना? वाईटच होईल असं नाही ना?'

इथे मला म्हणता आलं असतं — नाही, नक्की काहीच नाही, तुला यावंसं वाटतंय तर ये. तेच खरं होतं. पण ते वाक्य ओठावर आलं आणि मला कळलं की ते मला फार आवडतंय. जे आपल्याला एवढं आवडतं त्यावर विश्वास कसा ठेवायचा? माझा कल वजा केला. जरा जास्तच केला.

'नको येऊस,' म्हटलं. 'मोहोर बेभरवशाचा होत जाणार. आर्या आहे, तिचं शिक्षण आहे. हैदराबादची नोकरी पक्की आहे ती धर.'

तो म्हणाला, 'बरं.' पुन्हा एकदा म्हणाला, 'बरं झालं तू स्पष्ट सांगितलंस.'

उठताना त्याने तोडलेल्या फांद्यांचा ढीग कडेला नीट लावला.

३० सप्टेंबर

सकाळच्या गाडीने गेला. आईच्या पाया पडला, नंतर माझ्याही पडला. लहान भाऊ असला तरी तो कधी पडत नाही. मी म्हटलं, हे काय नवीन? त्याने बॅग खांद्याला अडकवली.

५ ऑक्टोबर

आई माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, चहा देते, औषधाची गोळी कुठली ते विचारते. हे तिच्या हिशेबी बोलणं नव्हे.

मी पुण्याला कळवून टाकलं. ऑक्टोबरअखेर येता येणार नाही, बिनपगारी रजा द्या, नाही तर राजीनामा समजा. पाठवल्यावर वाईट वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. उगाच खोटं कशाला — थोडा अभिमान वाटला. स्वतःच्या फायद्याविरुद्ध अंदाज दिला म्हणून.

७ ऑक्टोबर

आज अभिमान उतरला.

चूक किती अंशांची ते मोजल्याशिवाय दुरुस्ती करायची नसते. एखाद्या विद्यार्थ्याने हे केलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर झापलं असतं. मी मॉडेलची चूक तीसेक वर्षांच्या आकड्यांवरून मोजते, आणि स्वतःची एका आठवड्यात अंदाजाने ठरवली! आकडे म्हणत होते, सांगता येत नाही. मी सांगितलं, नको येऊस. हा अंदाज नव्हता. मी निःस्वार्थी आहे हे मला सिद्ध करायचं होतं, आणि त्यासाठी उन्मेषचं आयुष्य वापरलं.

त्याला फोन करायला हवा. पण त्याने एव्हाना कंपनीला कळवलं असेल. आता फोन करून त्याच्या डोक्याला नवा घोर कशाला?

१० ऑक्टोबर

आई बोलली. तुळशीपाशी उभी होती.

'एक सांग वैदू. त्याने तुला आंब्याचं विचारलंन. तू त्याला विचारलंस का, की तुला काय हवंय?'

म्हटलं, नाही. माझ्या कामात ते येत नाही.

'होय तर,' म्हणाली. 'मलाही नाही सुचलं. मी आपली देवाला विचारत बसले.'

११ ऑक्टोबर

दोनदा फोन लावला. उचलला नाही. मेसेज आला — 'मीटिंगमध्ये आहे ताई, नंतर करतो.' केला नाही.

१३ ऑक्टोबर

दुपारी श्रद्धाचा फोन. दबक्या आवाजात.

'ताई, तुम्हाला सांगू नको म्हणालाय, पण मला आता राहवत नाही. हैदराबाद वगैरे काही नाहीये. त्याची नोकरी एप्रिलमध्येच गेली. तेव्हापासून रोज डबा घेऊन निघतो आणि संध्याकाळपर्यंत मुलं खेळतात त्या सार्वजनिक बागेत बसतो, आर्याला कळू नये म्हणून. घरी येऊ का हे सरळ विचारायची लाज वाटत होती त्याला. म्हणून ते आंब्याचं काढलं. तुम्ही नको म्हणालात तेव्हापासून जेवत नाहीये नीट.'

आईला सांगितलं. मी रडत होते. ती नव्हती रडत. म्हणाली, 'मग इथे काय करतेस अजून?'

संध्याकाळची मुंबई गाडी मिळतेय. त्याला घरी आणायला चाललेय.